मायकोलाइवची इंजिने आणि माझगावच्या विनाशिका

माझगाव डॉकने बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली आणि तिच्यामागून मुरगाव, इंफाळ व सुरत या त्याच वर्गातील तीन विनाशिका जानेवारी २०२५ पर्यंत आल्या. या जहाजांवर लिहिताना १६ ब्राह्मोस आणि ३२ बराक-८ क्षेपणास्त्रांचा उल्लेख सगळेच करतात. मला मात्र त्यांच्या यंत्रकक्षाविषयी लिहायचे आहे, कारण सुमारे ७,४०० टनांची ही नौका अजून तीस वर्षांनी समुद्रावर जाऊ शकेल की नाही, हे शेवटी तिथल्या सुट्या भागांवरच ठरणार आहे.

दिल्ली, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तिन्ही वर्गांतील मिळून १० विनाशिकांवर प्रत्येकी चार गॅस टर्बाइन (जळत्या इंधनाच्या तप्त वायूने फिरणारी इंजिने) आहेत आणि ती युक्रेनमधील मायकोलाइव शहरातल्या झोर्या-मॅशप्रोएक्ट या कारखान्याची आहेत. त्याआधीच्या राजपूत वर्गातील नौका तर त्याच शहरात बांधल्या गेल्या होत्या. एकाच घराण्याची इंजिने वापरण्यात मोठा शहाणपणा होता, कारण प्रशिक्षण, हत्यारे आणि सुट्या भागांचा साठा सगळ्या नौकांना सामाईक राहतो. धोकाही त्याच निर्णयात दडलेला होता. युद्ध सुरू झाले आणि २०२२ मध्ये मायकोलाइववर हल्ले झाले, तेव्हा आपल्या विनाशिकांच्या इंजिनांचे माहेरघरच रणभूमी बनले.

अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे इंजिन का बसवत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ही टर्बाइने उलट दिशेनेही फिरू शकतात, त्यामुळे नौका मागे घेण्यासाठी पाण्यातल्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांचा कोन बदलण्याची यंत्रणा लागत नाही. अमेरिकन एलएम २५०० हे टर्बाइन एकाच दिशेने फिरते. ते बसवायचे झाले, तर गिअरबॉक्स, पंखा, नियंत्रणप्रणाली आणि हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या मार्गांची मापे असे जवळजवळ सारेच बदलावे लागेल. म्हणजे आराखड्यावरची एक निवड पुढच्या कित्येक दशकांच्या खरेदीला बांधून टाकते.

त्यातही सर्वांत नाजूक भाग म्हणजे टर्बाइनची उष्ण भागातील पाती. समुद्राच्या हवेतील मीठ आणि इंधनातील गंधक एकत्र आले की निकेलच्या मिश्रधातूची ही पातीसुद्धा झिजू लागतात. नौकेवरचे सुटे भाग किरकोळ दुरुस्तीपुरते असतात. मोठ्या रिफिटसाठी, म्हणजे नौका थांबवून केलेल्या संपूर्ण दुरुस्तीसाठी, तळावरचा साठा लागतो आणि तो काही वर्षे आधी मागवावा लागतो. भाग वेळेवर आला नाही, तर धक्क्याला लागलेल्या दुसऱ्या नौकेवरून काढून काम भागवणे एवढाच मार्ग उरतो.

ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांनी आराखड्यातील चुकीची किंमत वेगळ्या प्रकारे मोजली. उष्ण पाण्यात त्यांच्या टर्बाइनची यंत्रणा पुरेशी शक्ती देईना, सगळा भार दोन डिझेल जनित्रांवर पडे आणि नौकेवरची वीजच गुल होई. आता जहाजाचे पोलादी अंग कापून तिथे तीन मोठी जनित्रे बसवण्याचे काम चालू आहे. यंत्र बाहेर काढण्याची वाट मूळ आराखड्यातच ठेवणे किती मोलाचे असते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

विशाखापट्टणम वर्गात सुमारे ७५ टक्के स्वदेशी वाटा आहे, आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीने तयार केलेले डीएमआर २४९ए पोलाद ही त्यातली अभिमानाची बाब आहे. तरीही उरलेला वाटा नेमका कुठे आहे, हे मला टक्केवारीपेक्षा महत्त्वाचे वाटते. पुण्याच्या भारत फोर्जने २०२४ मध्ये झोर्याच्या भारतातील कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले, ते म्हणूनच मला आश्वासक वाटले. आता पुढच्या पिढीच्या विनाशिकांचे करार होतील, तेव्हा इंजिनासोबत पात्यांची रेखाचित्रे, मिश्रधातूची कृती आणि पाती ओतण्याचे तंत्रही आपल्या कारखान्यांना मिळावे, ही अट पहिल्याच मसुद्यात असली पाहिजे.