आमची वाटचाल : कागदाच्या साच्यातून कवच

धान कापून झालं की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं लागतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांना भीम, कर्ण, रावण उभे करायला कवचं लागतात. ती आम्ही करतो. पेपाकुरा या कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरात कवचाचा आकार सपाट पानांवर उलगडून 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कार्डशीटवर छापतो. छातीच्या एका कवचाला ए4ची 22 पानं जातात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. चालू राहिलं तर पानं आकसतात आणि कवच नटाच्या बगलेत रुततं. पहिल्या पानावरची एक रेघ पट्टीनं मोजा, मगच बाकीची छापा.

घडीच्या रेघा दाबायला संपलेल्या रिफिलचं पेन आम्ही आजही वापरतो. गोळी कागद फाडत नाही, घडी मात्र धारदार बसते. चिकटवायला पांढरा फेविकॉल नको, त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो.

एका श्रावणात धंदा बुडता बुडता राहिला. 14 कवचांची ऑर्डर, दमट हवा, कागदानं ओल धरलेली, त्यात कागदावर चढवायच्या रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, ते कडक करणारा हार्डनर घाईत कमी पडला. रेझिन तीन दिवस चिकटच राहिलं. आतून टेकू नव्हते, म्हणून ओल्या छात्या पिळवटल्या. चौदाच्या चौदा फेकल्या, आणि रेझिन होतं उधारीचं. तेवढ्यात एका दुकानदारानं कंपन्यांत पसरवलं, ‘हे रद्दी विकतात, घामानं विरघळते.’ ते अजून बोचतं. कागद हा साचा असतो. अंगावर बसतं ते रेझिनमध्ये भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं फायबर. ज्यानं एकदाही रेझिन कालवलं नाही, त्यानं हे बोलावं?

भीमाचं काम करणारे एक नट तेवढे थांबले. आगाऊ दिलेले पैसे त्यांनी परत मागितले नाहीत. म्हणाले, “करा पुन्हा, भाऊ. मंडईपर्यंत थांबतो मी.” मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा.

तेव्हापासून आधी आत बांबूच्या आडव्या कामट्या. बाहेरून रेझिनचा पातळ हात, तो वाळला की आतून 300 जीएसएम फायबर मॅटचे दोन थर. 100 ग्रॅम रेझिनला दीड ते दोन ग्रॅम हार्डनर; जास्त झाला तर माल तापून तडकतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) वेगळा घालायचा असेल तर आधी तो रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. काम उघड्या पडवीत, तोंडाला रसायनाची वाफ अडवणारा मास्क लावूनच. शेवटी गाडीच्या डेंटिंगची पुट्टी, मग 80 आणि 220चा पॉलिश पेपर.

त्या भीमाचं कवच दीड किलोचं भरलं. ते अजून तेच घालतात; डाव्या खांद्याच्या बकलाची नवार तेवढी दोनदा बदलून दिली.