रॅम्पची कडी

२०१९ चा नोव्हेंबर, इंग्लंडमधलं ग्रेटर मँचेस्टर. सकाळचे सव्वासहा, मिट्ट काळोख आणि छत्रीला न जुमानणारा तिरका पाऊस. स्टॉपवर आम्ही दोघीच. मला वॉर्डात सातची शिफ्ट गाठायची होती. शेजारी आमच्या गल्लीतल्या एक वयस्कर बाई, व्हीलचेअरवर, मांडीवर पिशवीत हॉस्पिटलचे कागद. मी त्यांना आजी म्हणते. शब्दाचा अर्थ सांगितल्यापासून त्यांनाही माझ्या तोंडून दुसरं नाव चालत नाही. आठला त्यांची रक्ततपासणी होती, म्हणून उपाशीपोटी निघालेल्या.

बस दिसायच्या आधी ऐकू आली. थांबली तरी खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या. ड्रायव्हर खाली उतरला. दाराशी बसच्या तळात बसवलेला एक पत्रा असतो, त्याला खोलगट जागेत एक कडी. ती धरून पत्रा उचलायचा आणि फूटपाथवर उलटा टाकायचा, झाला रॅम्प. कडी वर आली, पत्रा हलेना. बिजागरीत गंज आणि चिखल. त्याने बुटाने ठोकलं, किल्लीने खरवडलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. बिचाऱ्याची बोटं लाल झाली. शेवटी म्हणाला, ''सॉरी आजी, पुढची बस बघा.'' मी म्हणते ते ऐकून तोही आजीच म्हणाला.

पुढची बस चाळीस मिनिटांनी, तीही दुसऱ्या कंपनीची. आजींकडे होता पहिल्या कंपनीचा आठवड्याचा पास, तो दुसरीत चालत नव्हता. आणि मी? मी चढले. सात वाजता माझी वाट बघणारी रात्रपाळीची मुलगी होती, तिला घरी जायचं होतं. मागच्या काचेतून आजी दिसत होत्या, पिशवी पोटाशी धरलेल्या. आज इतकी वर्षं झाली, ती काच डोळ्यांसमोरून जात नाही.

ग्रेटर मँचेस्टरमध्ये बस कोणी चालवावी यावर मी लिहायला बसते तेव्हा सुरुवात त्या कडीपासूनच होते. व्हीलचेअरसाठी सोय असलीच पाहिजे असा कायदा २००० सालच्या नियमांनी केला आणि २०१७ च्या जानेवारीपर्यंत सगळ्या लोकल बसना तो लागू झाला. म्हणजे त्या बसला रॅम्प होता. कागदावर सगळं बरोबर होतं.

मी कंपनीला लिहिलं. ''आपल्या अभिप्रायाबद्दल आभार,'' एवढंच उत्तर. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला, तर तिथल्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या की ही व्यावसायिक सेवा आहे, आमच्या हातात काही नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला तोवर ठाऊकच नव्हतं की आमच्या रस्त्यावर धावणारी बस आमच्या गावाची नसतेच.

याचं मूळ १९८५ च्या ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्टमध्ये आहे. २६ ऑक्टोबर १९८६ ला लंडन सोडून उरलेल्या ब्रिटनमधल्या बस मोकळ्या केल्या गेल्या. लायसन्स असलेल्या कुणीही मार्ग नोंदवावा, बस काढावी, भाडं आपणच ठरवावं, परवडेनासं झालं की नोटीस देऊन बंद करावं. स्पर्धा होईल, भाडी उतरतील, गाड्या सुधारतील, असा हिशोब होता. लंडनला मात्र यातून वगळलं. तिथे मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट सरकारी यंत्रणा ठरवत राहिली आणि गाड्या चालवायचं काम टेंडर काढून खासगी कंपन्यांना देत गेली. पुढच्या काळात लंडनमधले बसचे प्रवासी वाढले, इतर मोठ्या शहरांत घटले. हा फरक बाकी कितीही कारणांनी समजावून सांगता येतो. मोटारी वाढल्या, लंडनला पैसा जास्त मिळाला, तिथे पार्किंग महाग. हे सगळं मला मान्य आहे. पण आमच्याकडे जे घडलं ते मी स्वतः बसमध्ये बसून पाहिलंय.

जिथे गर्दी, तिथे गाड्याच गाड्या. मँचेस्टरच्या विल्म्सलो रोडवर विद्यार्थ्यांच्या दिवसांत एकामागे एक बस लागलेल्या असायच्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीत चालायचं नाही. सगळ्यांत चालेल असं वेगळं तिकीट होतं, पण त्याला जास्त पैसे. आणि आमच्यासारख्या भागात, जिथे पहाटे साफसफाईवाल्या, हॉस्पिटलचे कर्मचारी आणि म्हातारी माणसं एवढेच प्रवासी, तिथे संध्याकाळनंतर सन्नाटा. नफा नसलेल्या फेऱ्या हव्या असतील तर कौन्सिलने पैसे मोजून विकत घ्याव्यात, अशी व्यवस्था. पुढे कौन्सिलचेच पैसे आटले.

गाड्यांचंही तसंच. नवी बस कमाईच्या मार्गावर जाते. तिथली जुनी होते तेव्हा ती दुसऱ्या मार्गावर उतरते, तिथून तिसऱ्या. आम्ही तिसऱ्यावर राहतो. हे कुणाच्या दुष्टपणाने होत नाही. ज्याच्या पैशाने गाडी घेतली तो ती कमाईच्या मार्गावरच लावणार. पण एखाद्या गल्लीच्या वाट्याला कुठली गाडी येईल, हे ठरवणारा माणूस त्या गल्लीला कधी भेटतच नसे.

योगायोग असा की, त्याच दिवसांत फ्रँचायझिंगवर, म्हणजे लंडनसारखं मार्ग, वेळापत्रक आणि भाडं सरकारी यंत्रणेने ठरवावं आणि कंपन्यांनी कंत्राटावर फक्त गाड्या चालवाव्यात यावर, लोकांची मतं मागवणं चालू होतं. १४ ऑक्टोबर २०१९ ते ८ जानेवारी २०२०. त्या रात्री स्वयंपाक आटपून मी फॉर्म भरला. बरेच प्रश्न आर्थिक होते, डोक्यावरून जाणारे. शेवटच्या मोकळ्या चौकटीत मी रॅम्पची गोष्ट लिहिली. मराठीत विचार करत, इंग्रजीत टाईप करत, दोनदा खोडून. ८,५०० हून जास्त उत्तरं आली असं नंतर वाचलं. त्यातलं एक माझं.

मार्च २०२१ मध्ये महापौर अँडी बर्नहॅम यांनी फ्रँचायझिंगचा निर्णय जाहीर केला. २०१७ च्या बस सर्व्हिसेस अ‍ॅक्टने तो अधिकार त्यांना मिळाला होता. स्टेजकोच आणि रोटाला या कंपन्या कोर्टात गेल्या. कोविडने प्रवाशांची सगळी गणितं बदलली असताना जुन्या आकडेमोडीवर एवढा मोठा निर्णय कसा घेता, हा त्यांचा मुख्य आक्षेप. खरं सांगते, मला तो आक्षेप अगदीच उडवून लावण्यासारखा वाटला नाही. बस रिकामी धावली तर आता तोटा जनतेच्या तिजोरीतून जाणार, हे खरंच आहे. २०२२ मध्ये हायकोर्टाने आणि मग अपील कोर्टानेही महापौरांच्या बाजूने निकाल दिला. २४ सप्टेंबर २०२३ ला बोल्टन, विगन आणि सॅलफर्ड-बरीच्या काही भागांत नव्या व्यवस्थेच्या पिवळ्या बस धावू लागल्या, मार्च २०२४ मध्ये बरी, रॉचडेल, ओल्डहॅमकडे, आणि ५ जानेवारी २०२५ ला उरलेलं सगळं.

आमच्याकडे पिवळी बस आली त्या पहाटे मी मुद्दाम एक फेरी आधीची पकडायला गेले. पेपरात नव्या इलेक्ट्रिक डबलडेकरचे फोटो बघितले होते, आवाज नाही, धूर नाही. आणि बस दिसायच्या आधी ऐकू आली.

तीच गाडी होती. पिवळा रंग दिलेली. मी सवयीने डावीकडच्या तिसऱ्या सीटवर बसले, तर समोरच्या पाठीवर नाण्याने कोरलेला बदामही तोच.

त्या दिवशी वॉर्डात सगळे हसले, मला मात्र रडू येत होतं. संध्याकाळी परतताना ओळखीचे काका ड्रायव्हर होते. गुजराती आहेत, बावीस वर्षं याच डेपोत. माझी चिडचिड त्यांनी ऐकून घेतली. टर्मिनसला इंजिन बंद केलं आणि म्हणाले, ''बेटा, गाडी तीच, डेपो तोच, मीही तोच. पगार करणारी कंपनी बदलली. पण आधी फेरी बुडाली तर साहेब विचारायचे, तिकिटं किती गेली? आता विचारतात, फेरी का बुडाली?''

हे वाक्य मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त समजलं. आधी कंपनी जगायची तिकिटाच्या पैशावर. आता तिकिटाचे पैसे जातात ट्रान्सपोर्ट फॉर ग्रेटर मँचेस्टर या सरकारी यंत्रणेकडे, आणि कंपनीला पैसे मिळतात ठरलेल्या गाड्या ठरलेल्या वेळी चालवल्याबद्दल. बस उशिरा आली, आलीच नाही, तर त्याचा भुर्दंड कंपनीला. डेपोही याच यंत्रणेने ताब्यात घेतले. ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. आधी डेपो ज्याचा, त्याच्याशी टक्कर घेणार कोण? बाहेरची कंपनी गाड्या आणेलही, उभ्या कुठे करणार? आता कंत्राट संपलं की कंपनी जाते. डेपो आणि ड्रायव्हर जागेवर राहतात.

यात नुकसान झालेलेही आहेत, ते लपवू नये. काकांच्या ओळखीतल्या एका माणसाची छोटी कंपनी होती, घरचीच माणसं ती चालवायची. लहान ऑपरेटरसाठी वेगळी छोटी कंत्राटं ठेवली होती, पण त्यांचे कागद भरायलाच एक माणूस पूर्णवेळ लागतो. त्यांनी सोडून दिलं. त्यांच्या गाड्या स्वच्छ असायच्या, ड्रायव्हर प्रवाशांना नावाने ओळखायचे. खासगी म्हणजे वाईट, सरकारी म्हणजे चांगलं, असं सोपं गणित मांडणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळे. गाडी आजही खासगी कंपनीच चालवते.

भाडं २ पौंड झालं, मुलांना १. इंग्लंडभरातली भाड्याची मर्यादा २०२५ मध्ये ३ पौंडांवर गेली तेव्हाही इथे २ च ठेवली. २०२५ च्या मार्चपासून एकाच बँक कार्डावर बस आणि ट्राम दोन्ही, टॅप करा आणि बसा. आजींना कार्डाची भीती वाटायची, तर मी दोन दिवस सोबत गेले. तिसऱ्या दिवशी मला हात करून एकट्या पुढे.

आता २०२५ च्या कायद्याने हाच रस्ता इंग्लंडमधल्या इतर स्थानिक वाहतूक प्राधिकरणांनाही मोकळा झालाय, आणि कौन्सिलला स्वतःची बस कंपनी नव्याने काढायला जी २०१७ पासून मनाई होती तीही उठली. तिथल्या लोकांचे प्रश्न मी वाचते: नव्या गाड्या मिळतील का, किती, कधी? मला त्यांना सांगावंसं वाटतं की आधी हे विचारा, नव्या गाड्या कुठल्या मार्गावर लावणार आणि ते ठरवणाऱ्याचा फोन नंबर काय. आमच्याकडे नव्या गाड्या आल्याच, पण जुन्या अजून कुणाच्यातरी वाट्याला आहेत. आमच्या पहाटेच्या फेरीला बराच काळ तीच होती.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा रॅम्प अडकला. तीच कडी. ड्रायव्हर नवीन मुलगा, घाबरलेला. या वेळी मी चढले नाही. वॉर्डात फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि बसच्या मागच्या बाजूचा गाडी क्रमांक फोनमध्ये लिहून घेतला. आजी म्हणाल्या, वेळ पण लिही. पुढची बस बारा मिनिटांनी आली, पिवळीच. आजींचं तेच तिकीट चाललं. दुपारच्या सुट्टीत मी तक्रार नोंदवली.

नवव्या दिवशी उत्तर आलं. माझं नाव होतं, गाडीचा क्रमांक होता, आणि बिजागरी बदलल्याचं लिहिलं होतं. मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात ती गाडी आली तेव्हा टॉर्च लावून वाकून पाहिलं. सगळा पत्रा खरडलेला, काळपटलेला, कडेला गंज तसाच. आणि त्यात चार नवेकोरे बोल्ट, चांदीसारखे.

''काय शोधतेस?'' मागून आजींनी विचारलं.

मी बाजूला झाले. ड्रायव्हरने कडी ओढली, पत्रा एका झटक्यात उलटला आणि फूटपाथवर दणकन आदळला. आजी दचकल्या, मग हसल्या, आणि वर चढल्या.