तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधलं पात्र ‘मी’ का वाटत नाही?

‘तासभर बसून हुबेहूब माझ्यासारखं पात्र बनवलं, तरी खेळताना ते मी वाटतच नाही. असं का होतं?’ रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन त्याच्या वतीने निवडी करत जायचे गेम, खेळणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्यांचा रोख बहुतेकदा चेहऱ्यावर असतो, म्हणून आधी चेहऱ्याचंच बघू. पण माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवते: चेहरा जुळवणं ही कारागिरी आहे, नीट केली तर अर्ध्या तासात होते. आपण पात्रात उतरतो ते त्यानंतर, आणि गेम आपल्याकडून कसल्या निवडी करून घेतो, त्यांची किंमत वसूल करतो की नाही, यावर ते ठरतं.

समोर ठेवायला फोटो हवा, पण हात लांब करून काढलेला सेल्फी नको. कॅमेरा जवळ असला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. ते मोठं नाक तुम्ही स्लायडरवर (चेहऱ्याचा एकेक भाग बदलायच्या सरकपट्टीवर) इमानेइतबारे उतरवता आणि पडद्यावर भलताच माणूस उभा राहतो. दोन-अडीच मीटरवरून, थोडं झूम करून, खिडकीच्या उजेडात एक फोटो समोरून आणि एक पाऊण बाजूने काढून घ्या. शिवाय स्वतःचा चेहरा आपल्याला आरशातून पाठ झालेला असतो. पात्र मात्र आपल्यासमोर दुसऱ्या माणसासारखं उभं असतं. त्यामुळे भांग, किंचित वर चढलेली भुवई, गालावरचा तीळ हे सगळं आरशात दिसतं त्याच्या विरुद्ध बाजूला जातं. सगळं जुळूनही काहीतरी खटकत असेल, तर भांग दुसऱ्या बाजूला नेऊन बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

मग पात्राचे केस, दाढी, मेकअप सगळं काढून टाका आणि प्रीसेट, म्हणजे गेमने दिलेला तयार चेहरा, निवडताना फक्त हाडं बघा: कपाळाची रुंदी, गालफडं, जबडा. बऱ्याच गेममध्ये स्लायडर निवडलेल्या प्रीसेटच्या आसपासच हलतात. हाडंच वेगळी असली तर नाक-डोळ्यांवर कितीही मेहनत घ्या, चेहरा येत नाही. प्रत्येक स्लायडर एकदा दोन्ही टोकांना नेऊन परत आणा, म्हणजे तो नेमकं काय हलवतो ते कळतं. ‘नाकाची उंची’ नावाचा स्लायडर एका गेममध्ये अख्खं नाक वर-खाली सरकवतो, तर दुसऱ्यात नाकाचं हाड पुढे काढतो. आधी जबडा आणि हनुवटी, मग दोन डोळ्यांतलं अंतर, मग भुवया, आणि नाक-तोंड त्यानंतर. भुवया लोक घाईत उरकतात, पण माणूस ओळखू येण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

त्वचेचा रंग सगळ्यात शेवटी, कारण तिथे उजेड फसवतो. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मध्ये (२०१४) पात्र बनवायच्या पडद्यावर हिरवट उजेड होता, आणि तिथे ठीक वाटलेला चेहरा खेळात वेगळाच निघायचा. यावर उपाय एकच. पात्र तयार झाल्याबरोबर वेगळा सेव्ह (खेळाच्या त्या टप्प्याची जपलेली नोंद) करून ठेवा, पहिल्या उघड्यावरच्या संवादापर्यंत खेळा, आणि पटलं नाही तर परत या. सावळ्या-काळ्या रंगाचं दुखणं याहून खोल आहे. त्वचेचं मूळ चित्र नुसतं गडद केलं आणि तिच्यावर उजेड कसा चमकतो याचं गणित गोऱ्या त्वचेचंच ठेवलं, की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. दोष बनवणाऱ्यांचा असतो, तुमच्या डोळ्यांचा नव्हे. म्हणून एक छटा उजळ करून तडजोड करू नका. ‘द सिम्स ४’ २०१४ मध्ये आला, आणि त्यात शंभराहून जास्त नवे त्वचारंग यायला डिसेंबर २०२० उजाडला. स्वतःसारखं दिसणारं माणूस बनवता न येणं ही किरकोळ कुरकुर आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कॅमेरा पात्राच्या मागून चालतो अशा गेममध्ये चेहरा तासन्‌तास पाठमोरा असतो, आवाज मात्र सतत कानावर पडतो. नमुन्याचं एक वाक्य ऐकून ठरवू नका, लढाईतलं ओरडणंही ऐका. ‘सायबरपंक २०७७’मध्ये तर तुम्हाला ‘तो’ म्हणायचं की ‘ती’, हे तुम्ही निवडलेल्या आवाजावरून ठरतं. तिथे आवाज ही सजावट राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. खेळाडू कोण आहे हे गेमने विचारण्याचा सगळ्यात सुंदर नमुना मला अजूनही १९८५ च्या ‘अल्टिमा ४’चा वाटतो. रिचर्ड गॅरियटच्या या गेममध्ये सुरुवातीला चेहरा नाही, आकडे नाहीत. एक भविष्य सांगणारी बाई तुमच्यापुढे पेच टाकते. न मोजलेल्या सोन्याची थैली तुम्हाला कुणाकडे तरी पोचवायची आहे, वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोचवाल, की एक नाणं त्याला द्याल? कुणाच्या लक्षात येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. इथे प्रामाणिकपणा विरुद्ध करुणा आहे, आणि दोन्ही चांगले आहेत. आठ सद्गुण असे जोडीजोडीने भिडतात, हरलेला बाद होतो, आणि सात प्रश्नांनंतर एक उरतो. करुणा उरली तर तुम्ही गाणारे भाट, प्रामाणिकपणा उरला तर जादूगार. नम्रता उरली तर मेंढपाळ, म्हणजे सगळ्यात दुबळं पात्र, आणि सुरुवात उजाड झालेल्या गावातून. नम्रतेला मोठं मानणाऱ्याला खेळ सोपा करून दिलेला नाही. यालाच मी किंमत म्हणते.

याच्या उलट, चांगुलपणाचे निळे आणि वाईटपणाचे लाल गुण मोजणारे गेम घ्या. एका बाजूला पुरेसे गुण साठले की चांगले संवाद उघडतात, मग खेळाडू मनाचं ऐकायचं सोडून मीटर भरत बसतो. असा गेम खेळत असाल तर मीटरचा पडदा उघडूच नका आणि एका प्रश्नावर एकदाच उत्तर द्या.

‘डिस्को एलिसियम’ (२०१९) या बाबतीत फार पुढे गेला. नायकाची स्मृती गेलेली असते, त्यामुळे तो कोण होता हे त्याला आणि तुम्हाला एकदमच कळत जातं. चार मूलगुणांत मिळून १२ गुण वाटायचे आणि त्यांतून २४ कौशल्यं ठरतात. ती कौशल्यं नायकाच्या डोक्यात बोलतात, भांडतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. चारही मूलगुणांत तीन-तीन वाटून सगळं मध्यम ठेवायचा मोह होतो, तो टाळा. जे तुमच्यात खरंच कमी आहे ते एकवर ठेवा. मोक्याच्या जागी गेम फासे टाकून तुमच्या कौशल्याची चाचणी घेतो. पांढऱ्या चाचणीत अपयश आलं तर ते कौशल्य वाढवून पुन्हा प्रयत्न करता येतो, लाल चाचणी एकदाच मिळते. लाल चाचणी फसली म्हणून जुना सेव्ह उघडू नका, कारण या गेममध्ये अपयशासाठी लिहिलेले प्रसंग यशाच्या प्रसंगांइतकेच जीव ओतून लिहिले आहेत.

जुना सेव्ह उघडण्यावरून ‘अंडरटेल’ (२०१५) आठवतो. सुरुवातीलाच तुम्हाला मायेने सांभाळणाऱ्या टोरिएलला मारलंत, वाईट वाटलं, मागे जाऊन तिला जिवंत सोडलंत, तरी फ्लावी नावाचं बोलणारं फूल तोंडावर सांगतं की तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. पात्राचा इतिहास पुसला जातो, खेळाडूचा राहतो.

ठरलेलं पात्र असलेले गेम या यादीत नकोत असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) मॅडलिनचं काहीही बदलता येत नाही. पण रोपवेचा पाळणा मध्येच अडकून तिला पॅनिक अटॅक येतो तेव्हा थिओ तिला एक पीस डोळ्यांपुढे आणायला सांगतो, आणि ते पीस श्वासाच्या लयीत चौकटीत तरंगत ठेवण्याचं काम तुमच्या बोटांकडे येतं. ज्यांना असे झटके येतात, त्यांना इथे चेहरा जुळवायची गरज पडत नाही. मॅडलिन ट्रान्स आहे हे गेम बनवणाऱ्या मॅडी थॉरसन यांनी २०२० मध्ये स्पष्ट केलं, आणि गेम बनवताना स्वतःबद्दलही तेच उमगत गेल्याचं लिहिलं.

मुद्दाम वेगळं पात्र घेणाऱ्यांसाठीही थोडं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की उंच अवतार मिळालेली माणसं आभासी जगातल्या वाटाघाटीत जास्त ठाम वागतात. तेव्हा स्वतःहून उंच, धीट किंवा वेगळ्या लिंगाचं पात्र घेणं म्हणजे स्वतःपासून पळणं नव्हे. कित्येकांना स्वतःची एखादी बाजू आधी तिथेच सापडते. ‘रस्ट’मध्ये मात्र ही मुभाच नाही: रंग आणि लिंग तुमच्या स्टीम (गेम विकत घेऊन खेळायचं ऑनलाइन दुकान) खात्यावरून आपोआप ठरतं आणि कायम राहतं.

आणि दहा तास खेळून झाल्यावर चेहरा परका वाटायला लागला, तर नवा डाव मांडायची घाई नको. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून तळावर जादूचा आरसा असतो. चेहरा, केस, आवाज, सर्वनाम सगळं तिथे बदलता येतं. वंश आणि शरीराचा प्रकार मात्र बदलत नाही, तेव्हा सुरुवातीचा वेळ खर्च करायचा तो या दोन गोष्टींवर.