कमिट केलं होतंस ना?

आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायला मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. एकदा पार्किंगचा दर बदलायला गेलो आणि नीट चालणारा हिशेबच बिघडवून बसलो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, आता तरी गिट शिक." गिट म्हणजे कोडमधले बदल टप्प्याटप्प्याने जपून ठेवणारं साधन.

पहिल्याच कमिटला, म्हणजे बदलांची नोंद पक्की करताना, गिटने विचारलं, तू कोण? नाव-ईमेल कॉन्फिगमध्ये टाकलं. मग मेसेज न देता कमिट मारलं, तर विम नावाचं एडिटर उघडलं आणि मी त्यात अडकलो. एस्केप दाबून कोलन-डब्ल्यू-क्यू लिहायचं, हे कळेपर्यंत दोनदा खिडकीच बंद केली.

मग कोड गिटहबवर, म्हणजे तो ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, पुश करायला (चढवायला) गेलो, तर ते पासवर्ड घेईना. दहा वेळा तपासून टाकला. पासवर्डने पुश करणं त्यांनी 13 ऑगस्ट 2021 पासूनच बंद केलंय, टोकन लागतं, म्हणजे पासवर्डऐवजी गिटहबवर बनवून घ्यायची किल्ली. टोकन पेस्ट केलं तर स्क्रीनवर काहीच उमटेना, म्हणून तीनदा पेस्ट केलं. ते दिसतच नसतं! एकदाच पेस्ट करून एंटर मारायचं.

तरी पुश रिजेक्ट. गिटहबवर रेपो (प्रोजेक्टची जागा) बनवताना मी हौसेने रीडमीवर (माहितीच्या फाइलवर) टिक केली होती, म्हणजे तिथे एक कमिट आधीच होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. पुल करायला (तिथलं इकडे ओढायला) गेलो तर "अनरिलेटेड हिस्टरीज". दोन्हीकडचा मूळपुरुषच वेगळा! पुलला 'अलाउ अनरिलेटेड हिस्टरीज' हा पर्याय जोडला, तेव्हा दोन्ही घराणी एकत्र आली. तिथलं पुसून आपलंच चढवणाऱ्या फोर्स पुशचा मोह झाला होता. भाऊ म्हणाला, "एकट्याच्या रेपोत कर हवं तर. ऑफिसात केलंस तर मार खाशील."

खरी फजिती एका रविवारी रात्री झाली. शेवटचं कमिट मागे घ्यायचं होतं. कुठूनतरी उचललेली ओळ तशीच चिकटवली: गिट रिसेट, हार्ड, हेड~3, म्हणजे थेट तीन कमिट मागे. लॉग (कमिटांची यादी) पाहिला तर वरची तीन कमिट गायब. हातपाय गार पडले. भावाला फोन लावला.

"कमिट केलं होतंस ना?"

"तीन केली होती."

"मग गेली नाहीत. गिट रिफ्लॉग मार."

हेड, म्हणजे आपण सध्या कुठल्या कमिटवर आहोत ती खूण, कुठून कुठे गेलं त्याची सगळी यादी आली, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या कमिटची ओळख असलेला सात अक्षरी हॅश. रिसेटच्या आधीचा हॅश घेऊन त्यावर पुन्हा हार्ड रिसेट केलं आणि तिन्ही कमिट परत आली. अशा सुटलेल्या कमिटांची नोंद रिफ्लॉगमध्ये एरवी 30 दिवस राहते, त्यामुळे घाईही नव्हती.

पण थकबाकीवरच्या व्याजाचं सूत्र मी त्याच संध्याकाळी बदललं होतं. ते ना अ‍ॅड केलेलं (कमिटसाठी निवडलेलं), ना कमिट. हार्ड रिसेटने ते पुसलं आणि रिफ्लॉगला त्याचा पत्ताच नव्हता.

साडेबाराला पुन्हा लिहायला बसलो. त्या कमिटचा मेसेज अजून लॉगमध्ये आहे: 'व्याज, दुसऱ्यांदा'.