तिरानाच्या पाकिटातली माणसं

अल्बेनियाची राजधानी तिराना. तिथल्या नव्या बाजारातल्या भाजीवालीनं टोमॅटो आणि काकड्या तोलल्या आणि म्हणाली, "द्यू मीय." दोन हजार. मी चाटच पडले. दोन हजार लेक (लेक हे इथलं चलन) म्हणजे जवळपास वीस युरो! परकी दिसते म्हणून लुटतेय, असं मनाशी म्हणत, कपाळाला आठ्या घालूनच मी दोन हजारांची नोट पुढे केली. तिनं ती परत माझ्या हातात कोंबली, माझ्या उघड्या पाकिटात स्वतःच बोटं घालून दोनशेची नोट ओढून काढली, आणि वर एक लिंबू फुकट टाकलं.

घरमालकीणबाईंनी नंतर हसत हसत उलगडा केला. १९६५ साली इथल्या चलनातलं एक शून्य काढून टाकलं. दहा जुन्या लेकांचा एक नवा लेक झाला. पण भाव अजून जुन्यातच बोलले जातात. आपल्याकडे म्हातारी माणसं आण्यांत बोलायची तसंच, फक्त इथे कॉलेजातली पोरंही तसंच बोलतात. "आकडा ऐकू नकोस," बाई म्हणाल्या, "चेहरा लक्षात ठेव. भाजीला नाइम, मटणाला बोग्दानी."

या बाई निवृत्त शाळामास्तरीण. मूळच्या कोर्चा शहरातल्या. मी त्यांना 'तेता' म्हणते, म्हणजे मावशी-आत्या काय हवं ते. त्या मला हाक मारतात "मोय चुप!" पहिले काही दिवस मला वाटायचं, मला गप्प बसायला सांगताहेत. चुप म्हणजे पोरगी. आणि 'मोय' म्हणजे चक्क आपलं 'अगं'. पुरुषाला हाक मारताना वेगळा शब्द, 'मोरे', म्हणजे 'अरे'. इतक्या लांब येऊन कुणीतरी मला 'अगं' म्हणेल असं वाटलं नव्हतं.

तर चेहरे. दोनशेच्या नोटेवर नाइम फ्राशरी, बेक्ताशी सूफी घरातला कवी. हजाराच्या नोटेवर प्येतर बोग्दानी, कॅथलिक आर्चबिशप. पूर्वी शंभराची नोट होती, तिच्यावर फान नोली, ऑर्थोडॉक्स बिशप. स्कंदरबेगसारखे लढवय्येही आहेतच, पण रोजच्या वापरातल्या नोटा या लिहिणाऱ्या माणसांच्या. त्यांच्याबद्दल वाचायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. अल्बेनियन भाषेची ही सगळी कामं झाली अल्बेनियाच्या बाहेर. पाडुआत, इस्तंबूलमध्ये, बुखारेस्टमध्ये, बोस्टनमध्ये. मायदेशी तुर्कांचा अंमल, छापखाना नाही, शाळा नाही, आणि पुढे पुढे तर त्या भाषेतलं पुस्तक जवळ सापडलं तरी पंचाईत.

अल्बेनियनमधलं सगळ्यात जुनं हाती असलेलं छापील पुस्तक १५५५ सालचं. ग्योन बुझुकू नावाच्या पाद्र्याचा प्रार्थनाग्रंथ. जगात त्याची एकच प्रत उरली आहे, तीही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, आणि तिची पहिली सोळा पानं गायब. म्हणजे आपल्या पहिल्या पुस्तकाचं नावच या लोकांना ठाऊक नाही! 'मेशारी' हे नंतर ठेवलेलं नाव. शेवटची पानं मात्र शाबूत आहेत, आणि तिथे बुझुकूनं लिहून ठेवलंय की आपल्या भाषेत असं काही नव्हतं म्हणून लोकांवरच्या मायेपोटी हे केलं, पहिलंच काम आहे, चुका असतील, जाणकारांनी सुधाराव्यात. वर हेही की चर्चचं काम सांभाळताना एकाच वेळी दोन ठिकाणी सेवा करावी लागत होती. पुस्तकाचं नाव हरवलं आणि माफी तेवढी टिकली, हे मला भारी आवडलं.

बोग्दानी त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी. १६८५ साली पाडुआत त्यानं आपला मोठा ग्रंथ छापला. पानाच्या एका बाजूला अल्बेनियन, दुसऱ्या बाजूला इटालियन. त्याआधीची पुस्तकं बहुतेक भाषांतरं. कुणी स्वतःच्या डोक्यानं अल्बेनियन गद्य एवढं लिहिलं ते यानंच पहिल्यांदा. नंतर तो ऑस्ट्रियाच्या बाजूनं तुर्कांविरुद्ध माणसं जमवायला लागला आणि १६८९ च्या डिसेंबरात प्रिश्टिनात प्लेगनं गेला. त्याच्या पुतण्यानं लिहून ठेवलंय की शहर परत घेतल्यावर शत्रूनं त्याचं प्रेत उकरून कुत्र्यांपुढे टाकलं. हजाराची नोट उलटी केली की मागे वाउ इ देयसचं जुनं चर्च दिसतं. तेही आता जागेवर नाही. कम्युनिस्टांच्या नास्तिकतेच्या मोहिमेत पाडलं. एका नोटेच्या दोन बाजूंना दोन विटंबना, आणि आपण त्यावर मटण घेतो.

माझा लाडका मात्र नाइमच. खरं तर तिघे भाऊ: अब्दिल, नाइम, सामी. दक्षिणेतल्या फ्राशर नावाच्या डोंगराळ गावातले. मुसलमान घर, पण शिक्षण यानिनाच्या ग्रीक शाळेत. अब्दिल राजकारणात गेला. नाइम इस्तंबूलला शिक्षण खात्यात लागला, आणि काम काय, तर छापायच्या पुस्तकांवर सेन्सॉरची नजर ठेवायची! दिवसा हे, आणि फावल्या वेळात ज्या भाषेवर सरकारची वक्रदृष्टी, तिच्यात कविता. सुरुवात त्यानं फार्सीतून केली होती. तुर्की वाचकांसाठी फार्सीचं व्याकरण लिहिलं, १८८५ साली फार्सी कवितांचा संग्रह काढला. आणि पुढच्याच वर्षी बुखारेस्टला छापून आली 'गुरं आणि शेती' ही कविता, अल्बेनियनमध्ये.

तेतांना ती तोंडपाठ आहे. एकदा मिरच्या भाजून सोलत बसलो होतो, बोटं लालभडक, आणि मी सहज नाइमचं नाव काढलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणायला लागल्या: अल्बेनियाच्या डोंगरांनो, आणि तुम्ही, उंच ओक वृक्षांनो... पाठ म्हणताना शाळेतल्या मुलीसारखी मान ताठ. मध्येच एका ओळीवर अडल्या, चिडल्या, मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि पुढची पाच मिनिटं नळाखाली गेली.

सामीचं काम तर थक्क करणारं. तुर्कीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक त्याची, १८७२ ची. सहा खंडांचा विश्वकोश एकट्यानं लिहिला. १९०१ साली तुर्की भाषेचा असा कोश काढला की तुर्कस्तानात तो अजून चाळला जातो. तिकडे त्याला शेमसेद्दीन सामी म्हणतात आणि आपलाच मानतात. इकडे हेच सामी फ्राशरी, अल्बेनियन लिपीची जुळवाजुळव करणारे. फुटबॉलवाल्यांसाठी: गॅलातासराय क्लबचा संस्थापक अली सामी येन हा यांचाच मुलगा. तिरानाच्या मोठ्या पार्कात अब्दिल आणि नाइम शेजारी शेजारी विसावलेत. सामी अजून इस्तंबूललाच आहे.

लिपीचा घोळ समजायला मला वेळ लागला. उत्तरेचे कॅथलिक लॅटिन अक्षरांत लिहायचे, दक्षिणेचे ऑर्थोडॉक्स ग्रीक अक्षरांत, मुसलमान अरबी अक्षरांत. भाषा एक, पण एकाचं पत्र दुसऱ्याला वाचता यायचं नाही. १९०८ च्या नोव्हेंबरात मनास्तिरला, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या बितोलाला, सगळे जमले. लिपी ठरवायला अकरा जणांची समिती नेमली: चार मुसलमान, चार ऑर्थोडॉक्स, तीन कॅथलिक. अध्यक्ष ग्येर्ग्य फिश्ता, फ्रान्सिस्कन पाद्री आणि नावाजलेला कवी. आठवडाभर खल करून त्यांनी एक नाही, दोन लिप्या मान्य केल्या! (आपल्या कुठल्याही समितीसारखंच.) कालांतरानं निव्वळ लॅटिनवाली टिकली. छत्तीस अक्षरं. त्यात 'श', 'थ', 'ज' ही दोन-दोन चिन्हांची जोडअक्षरं स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजतात. त्यामुळे शब्दकोशात 'श'चे शब्द 'स'मध्ये शोधून मी कितीदा हात टेकलेत. 'स' संपला की मग 'श' सुरू होतो, हे कळायला महिना गेला. मराठी माणसाला खरं तर आधीच कळायला हवं होतं.

फिश्ताचं पुढे काय झालं, तर कम्युनिस्टांनी त्याची पुस्तकं बंद केली आणि थडगंही सोडलं नाही.

फान नोली हे एक वेगळंच रसायन. जन्म थ्रेसमधल्या अल्बेनियन खेड्यात. १९०७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एक अल्बेनियन तरुण वारला. तो राष्ट्रवादी म्हणून ग्रीक पाद्र्यानं अंत्यविधी करायला नकार दिला. लोक खवळले. दुसऱ्या वर्षी नोलीनं रशियन चर्चकडून दीक्षा घेतली आणि २२ मार्च १९०८ ला बोस्टनमध्ये पहिल्यांदा अल्बेनियनमधून उपासना चालवली. मग हार्वर्ड, मग बिशप, मग १९२४ साली सहा महिने अल्बेनियाचा पंतप्रधान! सत्ता गेली, परागंदा झाला, पुन्हा बोस्टन. शेक्सपियरची नाटकं अल्बेनियनमध्ये आणली, डॉन किहोते आणला, बेथोव्हेनवर पुस्तक लिहिलं. आणि उमर खय्यामच्या रुबायांचं भाषांतर केलं. इथे मी थांबले. कारण त्याच दशकात आमच्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फार्सी शिकवणारे माधव जूलियन तोच खय्याम मराठीत आणत होते. जूलियनांनी फार्सी-मराठी कोश केला, नाइमनं फार्सी व्याकरण. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली माणसं एकाच विहिरीवर पाणी भरत होती. म्हणूनच की काय, दुकानाला इथे 'द्युचान'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, बाजार 'पझार', हिशोब 'हेसाप', साखर 'शेचेर'.

इथे 'नन' म्हणजे आई. विमानतळाचं नाव 'नन तेरेझा' वाचून मी पहिल्याच दिवशी गोंधळले होते. भारत म्हटलं की मदर तेरेसा, हे इथे टॅक्सीवाल्यापासून सगळ्यांचं. जन्म स्कोप्येचा, पण आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. त्यांना बाहेर पडू दिलं नाही, हिला आत येऊ दिलं नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण त्यानंतरच्या वर्षी. नोबेल घेतलेल्या बाईला आईच्या थडग्यापर्यंत पोचायला १९८९ साल उजाडलं. अल्बेनियन कादंबरीकार इस्माइल कादारेबद्दल इथे लिहीत नाही. तो २०२४ मध्ये गेला तेव्हा सगळीकडे आलंच होतं, आणि त्याची पुस्तकं इंग्रजीत सहज मिळतात.

७ मार्चला इथे शिक्षक दिन. १८८७ साली याच तारखेला कोर्चाला पहिली अल्बेनियन शाळा सुरू झाली. तेतांच्या घरी दिवसभर जुने विद्यार्थी फुलं घेऊन येत होते. बादल्या संपल्या म्हणून माझा कुकर नेला. संध्याकाळी कुकर परत द्यायला आल्या आणि टेबलावर पडलेली माझी शंभराची भारतीय नोट उचलून बघत बसल्या. मागच्या बाजूची भाषांची यादी बोटानं मोजली. पंधरा. "यातली तुझी कुठली?" मी आठव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं बोट मात्र खाली सरकत शेवटच्या ओळीवर, उर्दूवर, जाऊन थांबलं. "ही आमच्या आजोबांची."

मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. आत चौघडी घातलेला पिवळा कागद. १९६७ साली देवाधर्मावरच बंदी आली, मशिदी-चर्चं बंद झाली, तेव्हा तेता सतरा वर्षांच्या होत्या. अरबी अक्षरं म्हणजे प्रार्थनाच असणार, असं धरून वडिलांनी तो छताच्या फळीमागे लपवला आणि मरेपर्यंत त्याबद्दल बोलले नाहीत. घरात कुणालाच ती लिपी येत नाही. आमच्या माहेरीही मोडीतला असा एक कागद आहे, ट्रंकेच्या तळाशी.

फोटो काढून उर्दू येणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. तासाभरानं तिचा मेसेज आला: अक्षरं लागताहेत, भाषा लागत नाही, बहुधा तुर्की. मध्ये आकडे आहेत. आणि एक शब्द दोनदा आलाय, तो तुलाही कळेल. दफ्तर.

मी तेतांना सांगितलं. 'देफ्तेर' त्यांच्याही भाषेत आहेच, वही. त्यांनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर मिटला.

"म्हणजे जमिनीचा नाहीतर पैशांचा हिशोब," त्या म्हणाल्या. "आणि वडील तेवीस वर्षं घाबरून झोपले, मोय चुप."