त्या 'म्हणा'शी माझं भांडण आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी चार मित्र जमवून हॉलिवूडचा एखादा जुना विमानपट लावला, की शेवटी दिवे लागताच प्रश्न येतो, "यात सगळे गोरेच कसे?" उत्तरही विचारणाराच देऊन टाकतो, "तेव्हा दुसरे वैमानिक होते तरी कुठे म्हणा!"

होते की. बेसी कोलमनचंच घ्या. जन्म टेक्सासमधला, १८९२चा. शिकागोत न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नखं नीट करून द्यायची. कृष्णवर्णीय, त्यात बाई. अमेरिकेतली एकही विमानशाळा तिला घेईना. मग पठ्ठी फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि जून १९२१मध्ये परवाना मिळवूनच परतली. पुढे हवाई कसरतींवर नाव कमावलं. आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायची होती, त्याला पैसा हवा, म्हणून एका चित्रपटात काम घेतलं. पहिल्याच दृश्यात तिने फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर गाठोडं अशा अवतारात यायचं होतं. आभाळात कोलांट्या मारणारी बाई, आणि तिला हा वेष! ती काम सोडून निघून गेली. पैशाची गरज असताना.

म्हणजे वैमानिक होती, सिनेमाच्या दारापर्यंत आलीही होती.

'विंग्ज' (१९२७) मला आजही बेहद्द आवडतो, ते लपवत नाही. लष्कराने माणसं दिली, विमानं दिली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं ऑस्कर त्यालाच. त्याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये रिचर्ड नॉर्मन या गोऱ्या निर्मात्याने 'द फ्लाइंग एस' केला. कलाकार झाडून सगळे कृष्णवर्णीय. नायक कॅप्टन बिली स्टोक्स पहिल्या महायुद्धात विमान उडवून आलेला, आता रेल्वेत चोर पकडतो. पण अमेरिकी लष्कराने त्या युद्धात एकाही कृष्णवर्णीयाला वैमानिक केलं नव्हतं. युजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकी उडाला तो फ्रान्सकडून. जे लष्कराने होऊ दिलं नाही, ते सरळ घडलं असं नॉर्मन धरून चालला! नॉर्मनला विमानं कोण देणार? उड्डाणाची दृश्यं जमिनीवरच उरकली. ते कळतंही. मला त्याचं हसू येत नाही.

बायकांचं थोडक्यात सांगतो. 'क्रिस्टोफर स्ट्राँग'मध्ये (१९३३) कॅथरिन हेपबर्न वैमानिक आहे, दिग्दर्शनही डोरोथी आर्झनर या बाईचं. पण शेवटी नायिकेला जिवंत उतरू दिलेलं नाही.

आणि आपलं माणूस? 'हेल्स एंजल्स'मधले (१९३०) दोघे भाऊ ब्रिटिशांच्या ज्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जातात, तिथे खऱ्या युद्धात हिंदी वैमानिकही होते. त्यांतला एक मुंबईचा वेलिणकर. १९१८च्या जूनमध्ये गेला. कबर फ्रान्समध्ये आहे. पडद्यावर त्याची सावलीसुद्धा नाही.

बेसीने नॉर्मनला पत्रं लिहिली होती, स्वतःच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा म्हणून. ३० एप्रिल १९२६ला ती विमानातून पडून गेली, तेही जॅक्सनव्हिलमध्येच. तो चित्रपट राहूनच गेला. 'द फ्लाइंग एस' मात्र शाबूत आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा तोच लावतो.