माजघरातला नवा रेग्युलेटर

आज वेंगुर्ल्याच्या घरी पंखा-दिव्याचा जुना बोर्ड बदलून घेतला. त्यावरचा रेग्युलेटर म्हणजे काळा, जाडजूड डबा. आत तारेचं वेटोळं. पंखा हळू केला की वाचायला हवी ती वीज त्या तारेत उष्णता होऊन जायची. नव्या स्टेप रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, ते फारसे तापत नाहीत. पाच नंबरवर मात्र दोन्ही सारखेच, तेव्हा पंख्याला २३० व्होल्ट थेट मिळतात.

बोर्ड उघडला आणि जीव चरकला. पितळी स्क्रूंवर हिरवा थर, वायरींची टोकं काळी पडलेली. खारं वारं भिंतीच्या आतही पोचतं हो! वायरमनकाकांनी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, टोकं कापून आतलं चकचकीत तांबं काढलं आणि मगच घट्ट आवळलं. सैल, गंजलेला जोड तापतो आणि बोर्ड तिथूनच जळतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी जाणत्या माणसाकडून बोर्ड एकदा तपासून घ्याच. पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

आईला दिव्याचा उजेड कमी-जास्त करायला डिमर हवा होता. काका म्हणाले, "वहिनी, साध्या एलईडीला डिमर नको, लुकलुकत राहील. डिमेबल बल्ब आणा, मग लावून देतो." तोच डिमर पंख्याला लावला तर पंखा घुरघुरतो, हेही त्यांनी सांगितलं. किती शांतपणे समजावतात!

तसा बल्ब इथे मिळाला नाही. कुडाळला कोणी जाणार असेल तर कळवा.